सुट्टीच्या दिवसाचं ताट

सर्वपित्री अमावास्येला आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. सकाळपासून डबे यायला लागतात. तांदळाची खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. कुणाचे वडील, कुणाची सासू, कुणाचा तरणाताठा गेलेला भाऊ. डबा हातात देताना माणसं गेलेल्याचं नाव सांगतात आणि मी ते नीट ऐकून घेते, कारण त्या डब्यातला अर्धा जीव त्या नावात असतो. संध्याकाळी मुलं खिरीने तृप्त होऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घरोघरी नऊ दिवसांचे उपास धरले जातात आणि आमच्या दारात येणारं शिजलेलं अन्न एकदम थांबतं. मुलं मात्र त्या संध्याकाळीही सातला हजर असतात.

या लागून येणाऱ्या दोन संध्याकाळी मला स्वस्थ बसू देत नाहीत. मी देवधर्म करणारी बाई आहे. सासऱ्यांची तिथी चुकवत नाही, पंढरपूरला जाते, आणि सोलापूरची असल्यामुळे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांपुढे हात जोडल्याशिवाय वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. तेव्हा माझा प्रश्न धर्माच्या बाहेर उभं राहून विचारलेला नाही. अन्नदानासारखं दान नाही, हे आईच्या तोंडून ऐकत मी वाढले. पण ते दान असतं कुणासाठी? देणाऱ्याच्या गाठीला पुण्य बांधलं जावं म्हणून, की खाणाऱ्याला आज रात्री झोप लागावी म्हणून? दोन्ही एकदमच साधतं की, असं लोक म्हणतात. सर्वपित्रीला साधतं. घटस्थापनेला साधत नाही.

आम्ही म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही बायका. कुणी शिवणकाम करते, एकजण बँकेतून निवृत्त झालेली, दोघी स्वतः विड्या वळणाऱ्या, मी शाळेतली बाई. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, हिशेब दरवर्षी तपासून घेतो. खोलीत पूर्वी माग होते. मालकांनी ते विकले आणि खोली आम्हाला वापरायला दिली. फरशीवर मागाच्या पायांचे खड्डे अजून आहेत, त्यात पाणी साचतं म्हणून मुलांना तिथं बसवत नाही. साठ-सत्तर मुलं येतात. शाळेच्या दिवशी संध्याकाळी एकदा, सुट्टीच्या दिवशी दुपारीही. जेवण साधं: आमटी, भात, उसळ, कधी हुलग्याचं माडगं, आणि कडक भाकरी. एवढ्या मुलांसाठी रोज भाकऱ्या थापणं आमच्याच्याने होत नाही. कडक भाकरी घरगुती उद्योगवाल्या बायकांकडून घेता येते, टिकते, आणि आमटीत चुरली की लहान मुलंसुद्धा मुकाट खातात.

या मुलांच्या आया बेफिकीर आहेत असं कुणी म्हणालं की माझा पारा चढतो. दिवसाला हजार विड्या वळायच्या तर मान वर करायला वेळ नसतो. तेंदूचं पान भिजवायचं, मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. सकाळी माल घेऊन कारखान्यात जायचं, तिथं तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा पैसा मिळत नाही, त्या पुन्हा वळून भरून काढायच्या. बाप यंत्रमागावर, बहुधा रातपाळीला. सकाळी एकदा भात शिजतो. संध्याकाळी घरात सूप मांडीवर घेतलेली आई आणि भुकेली मुलं एकाच खोलीत असतात, आणि त्या वेळी जे होऊ शकतं ते म्हणजे चहा-पाव, नाहीतर पाच रुपयांची खारट पुडी. पुडीने पोट भरल्यासारखं वाटतं. तासाभराने तेवढंही वाटत नाही.

मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा खिचडीच्या पातेल्यावरून मला वार कळायचा. सोमवारी पातेलं लवकर रिकामं व्हायचं. आमच्या स्वयंपाकीण मावशी कुणी न सांगता सोमवारी चार मुठी तांदूळ जास्त टाकायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “बाई, शनिवारनंतर आजच जेवतायत काही.” पोषण, उष्मांक, प्रथिनं हे सगळं मी परिपत्रकात वाचलेलं होतं. प्राथमिकच्या मुलाला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. पण रविवार म्हणजे काय, ते त्या मावशींनी मला शिकवलं.

या देशाने शाळेतल्या मुलाला जेवू घालायचं ठरवलं, ही मला आपल्या काळातली मोठी धर्मकृत्याची गोष्ट वाटते. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतंच. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचं. मग २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश काढला, वर्षातले किमान २०० दिवस. ज्यांनी तो लढा दिला त्यांचे उपकार या देशातल्या मुलांवर आहेत. पण मी शाळेतली बाई, मला वजाबाकी सुचते. वर्षाचे उरलेले १६५ दिवस? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचं रूप दिलं, आणि त्याच कलमात लिहिलं की हे जेवण रोज मिळेल, शाळेच्या सुट्ट्या वगळून. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. शाळा बंद तर शाळेतलं जेवण बंद, इतका तो सरळ हिशेब आहे. फक्त मुलाचं पोट शाळेच्या कॅलेंडरवर चालत नाही, ही गोष्ट त्या हिशेबात बसली नाही. देवाधर्माच्या पंचांगातही ती बसलेली नाही. एका बाजूला सरकारचे सुट्टीचे दिवस, दुसऱ्या बाजूला आपले पुण्याचे दिवस, आणि या दोन्हींमध्ये न बसणारा साधा मंगळवार किंवा मे महिन्यातली दुपार.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दान कोणतं, तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायचं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला. प्रवचनांत याचा अर्थ मी पुष्कळदा ऐकला: जागा म्हणजे तीर्थक्षेत्र, वेळ म्हणजे ग्रहण, संक्रांत, एकादशी, आणि माणूस म्हणजे विद्वान, सदाचारी, तपस्वी. जुन्या टीकाकारांनीही साधारण असाच अर्थ लावला आहे, आणि त्यांच्या काळात त्याला कारणही असेल. पण तो श्लोक घेऊन मी आमच्या खोलीत उभी राहते तेव्हा मला दुसरं काही दिसत नाही. योग्य जागा म्हणजे जिथवर ते मूल चालत येऊ शकतं तिथली. अक्कलकोटचं अन्नछत्र फार मोठं, तिथं कुणालाही जेवायला मिळतं, मी स्वतः तिथं पंगतीला बसले आहे. पण चाळीसेक किलोमीटर जाऊन जेवून येणं सात वर्षांच्या मुलाला कसं जमणार? योग्य वेळ म्हणजे भूक लागते ती. आणि योग्य माणूस कोण, याचं उत्तर मुलाच्या बाबतीत शोधावंच लागत नाही. त्याचं आचरण अजून घडायचं आहे, विद्या अजून यायची आहे. ते जेवलं तरच या दोन्ही गोष्टी होणार. लायकी आधी आणि जेवण नंतर, हा क्रम मोठ्या माणसाला लावायचा की नाही यावर वाद घाला. मुलाला तो लावताच येत नाही.

तरी लोक लावतात. “बाप दारू पितो, आणि त्याची पोरं आपण सांभाळायची?” हे मला वर्षातून कितीतरी जण विचारतात, आणि त्यातले बरेचजण पावतीही फाडतात, म्हणजे मन वाईट नसतं. याच्याच आतल्या पदरात दुसरा प्रश्न असतो, जो सहसा हळू आवाजात विचारला जातो. “शेवटी ज्याचं त्याचं प्रारब्ध, बाई. आपण किती पुरे पडणार?”

कर्माचा सिद्धांत मी टाकून दिलेला नाही. केल्याचं फळ मिळतं, यावर माझा विश्वास आहे आणि त्या विश्वासाने मला वाईट काळात आधारही दिला आहे. पण तो सिद्धांत स्वतःकडे बघायला आहे. माझ्यावर दुःख आलं तर मी म्हणू शकते की हे माझं काही देणं असेल. शेजारच्या मुलाच्या रिकाम्या पोटाकडे बघून हे म्हणायचा अधिकार मला कोणत्या शास्त्राने दिला? आणि समजा, असेल त्याचं प्रारब्ध. मग त्या वेळी माझ्या घरात भाकरी असणं आणि ते मूल माझ्या दारासमोरून जाणं, हेही कुणाच्यातरी प्रारब्धातच असणार ना? प्रारब्ध त्याच्यापाशी थांबतं आणि माझ्यापाशी येत नाही, असं तर कुणी म्हणत नाही.

एकनाथांच्या घरच्या श्राद्धाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातली एक जागा आपण घाईत ओलांडतो. पैठणला नाथांच्या घरी पितरांसाठी स्वयंपाक झालेला. बाहेरून जाणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या माणसांना वास आला, आणि ती आपापसात बोलली की असलं अन्न आपल्या नशिबी कुठलं. नाथांनी ते ऐकलं. गिरिजाबाईंनी आणि त्यांनी त्या माणसांना बोलावून, बसवून, पोटभर वाढलं. पुढचं सगळं कीर्तनात रंगतं: नव्याने स्वयंपाक झाला, ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला, आणि मग पितर स्वतःच येऊन पानांवर बसले. मी त्या आधीच्या वाक्यापाशी थांबते. नशिबाची भाषा बाहेरच्या माणसांच्या तोंडी आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना तीच शिकवली गेली. आत बसलेल्या नाथांनी त्या भाषेला मान डोलावली नाही. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारा, भागवतावर ग्रंथ लिहिणारा तो विद्वान. त्याला प्रारब्धाचं शास्त्र इतरांपेक्षा जास्तच ठाऊक होतं. ऐकल्यावर त्याने वाढायला घेतलं.

आणि पितर संतुष्ट झाले, हे कथेचं म्हणणं मी अक्षरशः खरं मानते. म्हणून सर्वपित्रीच्या डब्यांबद्दल माझ्या मनात अढी नाही. ज्याच्या नावाने ती खीर आली त्याला ती पोचली, असंच मी आणणाऱ्याला सांगते. माझं म्हणणं इतकंच की पितर एका पंधरवड्याचेच नसतात. नातवाच्या वयाचं मूल मार्गशीर्षातल्या कुठल्याशा बुधवारी आमटी-भाकरी खातं, तेव्हाही आजोबांना पोचत असेल.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली. अट एकच: जेवणाआधी मुलांनी एक स्तोत्र म्हणायचं. संस्कार होतील, वाणी शुद्ध होईल. स्तोत्र चांगलं होतं, मला स्वतःला पाठ आहे. पण आमच्याकडे पद्मशाली घरांतली तेलुगू बोलणारी मुलं येतात, मोमीन आणि शेख घरांतली येतात, जयंतीला निळे झेंडे लावणाऱ्या वस्तीतली येतात. आमच्या बैठकीत वाद झाला. बँकेतल्या बाईंचं म्हणणं होतं की सर्वांना चालेल अशी एखादी प्रार्थना ठेवू, म्हणजे तेही राजी होतील. त्या वेळी आमच्यातल्या विडी वळणाऱ्या एका बौद्ध बाईंनी विहारात ऐकलेली आळवीची गोष्ट सांगितली. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आहे. भगवान बुद्ध आळवी नगरीत उपदेशासाठी आलेले. एक गरीब शेतकरीही ऐकायला निघणार, तेवढ्यात त्याचा बैल हरवला. दिवसभर रान तुडवून, बैल शोधून, उपाशीपोटी तो सभेत पोचला. बुद्ध तोवर बोललेच नव्हते. त्यांनी चौकशी केली, उरलेलं अन्न आहे का? त्या शेतकऱ्याला तिथंच बसवून जेवू घातलं, आणि त्याचं जेवण झाल्यावर उपदेश सुरू केला. भिक्षूंना हे खटकलं. बुद्धांनी त्यांना सांगितलं की भुकेने पीडलेल्या माणसाला धम्म कळणार नाही.

गोष्ट ऐकून बैठक तिथंच संपली. आम्ही त्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हणून कळवलं. आमच्याकडे जेवणाआधी काहीही म्हणायला लावत नाही. ज्याला घरची सवय असेल तो आपला मनात म्हणतो. कुणी हात जोडतं, कुणी बिस्मिल्ला म्हणतं, बहुतेकजण सरळ घास घेतात. घास हातात घेतलेलं मूल कसल्याच परीक्षेला बसलेलं नसावं, असं मला वाटतं, मग ती परीक्षा देवाच्या नावाची का असेना.

आता जी गोष्ट सांगायची आहे, तिच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. एक मुलगी, सहा-सात वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीत यायला लागली. पहिले काही आठवडे ती ताटाकडे बघायचीच नाही. वाढणाऱ्या हाताकडे बघायची. ताटात पडेल ते संपवायची. कारल्याची भाजी, जी आमच्याकडे मोठी मुलंही कुरकुरत खातात, तीसुद्धा. जेवताना एक शब्द नाही. आम्हाला ती फार गुणी वाटायची. भेट द्यायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही तिचं रिकामं ताट दाखवायचो: बघा, अन्नाचा कण टाकत नाही. जायच्या वेळी दारात थांबून ती रोज एकच विचारायची, “उद्या आहे?”

उन्हाळा लागेपर्यंत तो प्रश्न कधी बंद झाला ते माझ्या लक्षात आलं नाही. मग एके संध्याकाळी वांग्याची भाजी होती. तिने भाकरी आमटीत चुरून खाल्ली, भात खाल्ला, आणि वांग्याची फोड एका बोटाने ताटाच्या अगदी कडेला ढकलली. फोड पुन्हा घरंगळून आत आली. तिने पुन्हा ढकलली, आणि वर न बघता म्हणाली, “मला वांगं नको.”

त्या दिवशी एक दाते कुटुंबासह वाढायला आले होते. त्यांच्या बाईंना वाईट वाटलं. त्यांनी तिला समजावलं की बाळ, अन्न हे पूर्णब्रह्म, ताटात टाकू नये, किती मुलांना एवढंही मिळत नाही. मुलीने मान खाली घातली आणि ती फोड तोंडात कोंबली. माझ्या पोटात कालवलं. बाईंनी सांगितलं ते माझ्या आईनेही मला सांगितलं होतं, आणि मी माझ्या मुलांना. शब्दाशब्दाला खरं आहे. पण माझी मुलं लहानपणी वांगं नको म्हणायची तेव्हा मी रागवायचे, लाडही करायचे, आणि कधीकधी त्यांच्यापुरता बटाटा शिजवायचे. ‘नको’ म्हणता येणं हा त्यांच्या घरात असण्याचाच भाग होता. ज्याला उद्याची खात्री नाही ते मूल ‘नको’ म्हणत नाही. त्याला चव नसते असं नाही, पण चवीकडे लक्ष द्यायची त्याला सवड नसते. जिला आम्ही इतके दिवस गुणी समजत होतो ती मुलगी धास्तावलेली होती. ‘वांगं नको’ म्हणाली त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा निर्धास्त होती.

अन्न टाकू नये, यावर आम्ही उपाय काढला. आता सगळं आधी थोडं वाढतो आणि विचारून वाढतो. हे हवं का, किती हवं. पंगतीला वेळ लागतो. वाढायला येणाऱ्या पाहुण्यांना हे फार आवडत नाही, त्यांना भरलेलं ताट पुढं ठेवायचं असतं. पण दिलेलं दान नाकारता येत नाही. घेणाऱ्याने ते नाकारलं तर देणारा दुखावतो. त्या मुलीला नाकारता यायला हवं असेल, तर आम्ही तिला देतो ते दान असून चालणार नाही. मग ते काय आहे?

याचं उत्तर मला आपल्या परंपरेतच मिळालं, आणि बऱ्यापैकी जुन्या जागी. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं सगळ्यांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथं सांगितलं आहे: माणूस जन्मतो तो माणसांचंही ऋण घेऊन जन्मतो, आणि ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडायचं असतं. पुढच्या काळात तीन ऋणांची मांडणी लोकांच्या तोंडी राहिली आणि हे चौथं मागे पडलं. का पडलं ते विद्वानांनी सांगावं. मला ते परत पुढं आणावंसं वाटतं, कारण अन्न वाढणं हे ऋण फेडणं आहे असं धरलं की सगळे प्रश्न जागच्या जागी सुटतात. ज्याचं देणं आहे त्याचा बाप दारू पितो का, हे कर्ज फेडणारा विचारत नाही. आपल्याला सोयीच्या तिथीला फेडीन, असंही म्हणत नाही. फेडताना फोटो काढत नाही, समोरच्याने हात जोडावेत अशी वाट बघत नाही. आणि घेणाऱ्याला ‘हे नको, ते द्या’ म्हणता येतं. मी स्वतः कुणाच्या हातचं खाऊन मोठी झाले याचा विचार करते तेव्हा आईच्या पलीकडेही कितीतरी हात दिसतात. त्यातल्या कुणालाही परत जाऊन काही देणं शक्य नाही. ते देणं या मुलांच्या ताटातच फिटू शकतं.

आमच्या पेठेतले एक वयस्कर कीर्तनकार बुवा आहेत. त्यांना हे पटत नाही. त्यांच्याशी माझा वाद चालू असतो, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. बुवा म्हणतात, “बाई, तुम्ही पुण्य काढून घेतलंत तर माणसं देणार कशाच्या बळावर? सगळेच तुमच्यासारखे ऋण मानणारे नसतात. पुण्याच्या ओढीने का होईना, हात सैल होतो. तो होऊ द्या. मुलाच्या पोटात गेलेली खीर हेतू विचारत नाही.”

शेवटचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच सर्वपित्रीचा एकही डबा आम्ही परत पाठवत नाही. पण मी बुवांना सांगते, हेतू देणाऱ्याच्या मनात राहत नाही, तो ताटात उतरतो. पुण्याची ओढ दिवस निवडते, आणि सगळ्यांचे दिवस तेच असतात. ती पदार्थही निवडते. जिलेबी, शिरा, बुंदी, वाढदिवसाला केक. तूरडाळ आणि तेल कुणाच्या पुण्यात बसत नाही, मोड आलेली मटकी तर नाहीच. ती मुलं निवडते: गोंडस, लहान, नीट बसणारी. चौदा वर्षांच्या, मिसरूड फुटू लागलेल्या, उद्धट बोलणाऱ्या मुलाला वाढताना दात्यांचा हात आखडतो, आणि खरी भूक त्या वयात असते. म्हणून आम्ही नियम केला की पैसे किंवा धान्य द्या, दिवस आणि पदार्थ आम्ही ठरवू. मुलांसमोर कुणाचं नाव पुकारणार नाही. ज्यांना तिथीलाच द्यायचं आहे त्यांची रक्कम त्या तिथीला नोंदतो आणि वर्षभर वापरतो. बुवा म्हणतात, यामुळे निम्मे दाते जातील. काही गेलेच. जे राहिले ते महिन्याच्या महिन्याला देतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याचजणांना पुण्याचीच ओढ आहे. ती त्यांनी महिन्याच्या बारीक रकमेवर समाधानाने बसवून घेतली आहे. या बाबतीत बुवा आणि मी कधी एकमत होऊ असं वाटत नाही.

एका बाबतीत मात्र आमचं एकमत आहे, आणि ती गोष्ट आमच्या जिल्ह्यातली आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बुवा ते आख्यान फार सुंदर लावतात. बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेला अधिकारी, मोठा दुष्काळ, कोठारं सरकारी धान्याने भरलेली. पंढरपूरचा एक ब्राह्मण मागत मागत मंगळवेढ्याला येतो. दामाजी त्याला पानावर बसवतात, आणि जेवता जेवता तो माणूस रडायला लागतो. घरी मुलं उपाशी आहेत, मला घास कसा गिळवेल? तिथून पुढं दामाजी कोठारं उघडतात. बादशहाचा कोप होतो, आणि विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन दरबारात धान्याची किंमत भरतो, पावती घेतो. ऐकणारे पावतीपाशी गहिवरतात. बुवा आणि मी दोघंही कोठाराच्या दारापाशी गहिवरतो. दामाजींनी स्वतःच्या घरचं धान्य वाटलं असतं तर ते दान झालं असतं, आणि गोष्ट तिथंच संपली असती. त्यांनी राज्याचं धान्य राज्यातल्या भुकेल्यांना दिलं. ते त्यांचंच होतं, म्हणून. विठ्ठलाने बादशहाचा हिशेब चुकता केला, यात माझ्या मते देवाचं म्हणणं एवढंच आहे की किल्ली ज्याच्या हातात असते त्याने असंच वागावं.

आमची खोली कितीही नीट चालली तरी ती साठ-सत्तर मुलांची. वस्तीतली सगळी मुलं तिच्यात मावणार नाहीत, आणि आम्ही आहोत म्हणून कुणी निश्चिंत व्हावं हे मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शाळेतलं जेवण द्यावं. म्हणजे सुट्टीत चूल पेटू शकते, हे देशाने एकदा मान्य केलेलं आहे. दुष्काळ जाहीर व्हायला पैसेवारी लागते, अहवाल लागतो. विडी वळणाऱ्या घरात मे महिन्याला असं काही जाहीर होत नाही. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर चढलेला, शाळेला कुलूप, आत चूल, पातेली, धान्याची खोली. आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी घरी, कारण त्यांना मानधन वर्षातले दहाच महिने मिळतं. सुट्टीत त्यांच्याही मुलांचं तेच होतं.

म्हणून या खेपेला आम्ही अर्ज दिला आहे. मे महिन्यात पूर्व भागातल्या निदान काही शाळांची स्वयंपाकघरं दुपारी उघडावीत, मावशींना त्या दिवसांचं मानधन मिळावं, आणि जेवायला येणाऱ्या मुलाला पट, हजेरी, शाळेचं नाव यातलं काही विचारू नये. भाजी आणि तेलाचा वाटा उचलायची आमची तयारी आहे, तसं अर्जात लिहिलं आहे. सह्या आयांच्या आहेत, काही अंगठे आहेत, बुवांची सही आहे. संबंधित साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला आणि वर पाठवतो म्हणाले. उत्तर अजून आलेलं नाही. मे महिन्याची ज्वारी आणि तूरडाळ आम्ही घेऊन ठेवली आहे. ज्वारी मंगळवेढ्याची आहे. तेलाचे पैसे जमायचे आहेत.